मोटारीलाही म्हणे सिमकार्ड!

ऐकलंत का? विहिरीवरच्या मोटारीला आता स्वतःचं सिमकार्ड असतं. तिचा वेगळा नंबर, वेगळं रिचार्ज. ज्या घरात आजीला साधा फोन घेऊन द्यायला तीन दिवाळ्या उलटल्या, त्याच घरात मोटारीला पहिल्याच रब्बीत नंबर मिळाला! रात्री दोनला थ्री फेज येते, स्टार्टर आपण होऊन मालकाला फोन करतो, वीज आल्याची वर्दी देतो आणि मालक गोधडीतल्या गोधडीत एक आकडा दाबून मोटार सुरू करतात. सासुरवाडीचा फोन वाजून वाजून थकतो, तो उचलायला यांना सवड नसते. मोटारीचा मात्र पहिल्या रिंगला उचलतात. काय म्हणायचं या जिव्हाळ्याला? बॅटरी आणि काठी घेऊन, साप-विंचवातून वाट काढत दारं धरायला जाणारा तो शेतकरी गेला कुठे? आळस, दुसरं काय! असं आपण चावडीवर तावातावानं बोलतो आणि दुपारी गुपचूप दुकानात जाऊन त्या स्टार्टरची किंमत विचारून येतो.

हे सगळं फोफावलं ते 2016 च्या सप्टेंबरापासून. जिओ आलं, नेट स्वस्त झालं आणि पारावरच्या माना ज्या खाली गेल्या त्या गेल्याच. आता गावात पिकागणिक व्हॉट्सॲपचे ग्रुप आहेत. डाळिंबवाले वेगळे, द्राक्षवाले वेगळे, आणि त्यांतून भांडून बाहेर पडलेल्यांचे आणखी वेगळे. तिथं पहाटे पाच वाजता एक फोटो येऊन पडतो. हललेल्या हातानं काढलेला, निम्मा अंगठा, निम्मं पान. खाली प्रश्न : ‘हे काय आहे? उपाय सांगा.’ झालं! तेल्या म्हणणारे चौघं, करपा म्हणणारे पाच. एकजण बारा एकसष्ट खत सोडायला सांगतो, दुसरा म्हणतो शून्य बावन्न चौतीस फवारा, तिसरा जीवामृतावर येतो, चौथा ‘शुभ सकाळ’चा गुलाब टाकतो. ॲडमिन त्याला ताकीद देतो. मग ताकीद द्यावी की नाही यावर दुपारपर्यंत चर्चा. पान बिचारं तोवर गळून पडलेलं असतं. कृषी सहायकानं शिवारात येऊन सांगितलेलं यांच्या कधी कानात शिरलं नव्हतं, पण कोण कुठला ‘मित्रा’ शेदोनशे मैलांवरून औषध सुचवतो आणि हे पंप पाठीवर घेऊन निघतात. कमाल आहे की नाही?

आणि ते यूट्यूब! ‘नमस्कार शेतकरी मित्रांनो’ ऐकू आलं की समजायचं, आज कुणाचं तरी एक एकर ज्वारीतून उठणार. एकेकाळी इमू पक्षी आला होता, मग कडकनाथ कोंबडा आला. दोन्ही कसे आले आणि कसे गेले हे घरोघरी ठाऊक आहे, तरी कुणी विषय काढत नाही. आता ड्रॅगन फ्रूट. चाळीस गुंठ्यांत अमुक लाख, तमुक लाख. व्हिडिओत मालक नव्या कोऱ्या टोपीत, मागं ट्रॅक्टर, हातात फळ. सिमेंटचे खांब, वरची चक्रं आणि रोपं यांना किती गेले, ते विचारायच्या आत व्हिडिओ संपतो. पाहणारा मात्र संपत नाही, तो पुढचा लावतो. त्याची बायको म्हणते, एवढा वेळ खुरपं धरलं असतं तर! तिचं बरोबरच आहे. फक्त शेळ्यांचे व्हिडिओ तीही रात्री बघते, हे तिनं आपल्याला सांगितलेलं नाही.

द्राक्षवाल्यांचं तर विचारूच नका. नाशिककडे ऑक्टोबर छाटणी झाली की माणूस आभाळाकडे बघायचं सोडून हवामानाच्या विंडी ॲपकडे बघतो. डोक्यावर ढग दाटलेत, थेंब पडायला लागलेत, आणि हा म्हणतो, ‘थांबा, ॲपमध्ये नाहीये.’ बागेत हवामान केंद्र बसवलेलं असतं. पान किती वेळ ओलं राहिलं हे सेन्सर मोजतो आणि डाऊनी रोगाचा धोका फोनवर कळवतो. खरं सांगायचं तर हे काम अक्कलहुशारीचं आहे. एक फवारणी वाचली तरी खर्चात मोठा फरक पडतो. पण म्हणून मान्य करायचं? छे! ऊसही काही कमी चढून गेलेला नाही. बारामतीत उपग्रहाची छायाचित्रं आणि जमिनीतले सेन्सर यांच्या जोरावर एआय उसाला पाणी कधी द्यायचं ते सांगतं, आणि 2025 च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांनी त्याचं जाहीर कौतुक केलं. तेव्हापासून उसाचा रुबाब बघवत नाही.

आता कांद्याकडे येऊ, कारण खरी गंमत तिथंच आहे. लासलगाव, पिंपळगाव, विंचूर, उमराणे या कांद्याच्या बाजारपेठा. लिलाव सुरू झाला की दहा मिनिटांत भाव फोनवर. किमान, कमाल, सरासरी असे तीन आकडे येतात. पुढं पाठवताना तिन्हीतला कोणता पाठवतात? कमालच! तो एखाद्याच ट्रॉलीला मिळालेला असतो, पण सगळा गाव त्याच आकड्यावर हिशेब मांडतो, ट्रॉली भरतो, बाजारात पोहोचतो. व्यापारी दोन कांदे हातात घेऊन फिरवतो, आणि पावतीवर येतो तो किमानाच्या शेजारचा आकडा. भाव आता घरबसल्या कळतो. मिळायचं अजून कुणी ॲप काढलेलं नाही. 2023 च्या डिसेंबरात निर्यातबंदी झाली, तेव्हा दिल्लीचं ते पत्रक शेतकऱ्यांच्या फोनवर रातोरात फिरलं. दुसऱ्या दिवशी लिलाव बंद, रस्त्यावर ट्रॅक्टर. एरवी हमीभावाचा पैसा यायला महिने लागतात, वाईट बातमीला मात्र काय ती रेंज! यावर नाकानं कांदे सोलणारे शहरातले लोक म्हणतात, शेतकरी आता ऑनलाइन झाला, त्याला काय कमी?

सरकारही मागं नाही. सातबारा ऑनलाइन, ठिबकचं अनुदान ऑनलाइन. पीएम किसानच्या दोन हजारांसाठी आजोबा सेवा केंद्रात बसलेले, ओटीपी आलेला नातवाच्या फोनवर, नातू पुण्याला आणि सर्व्हर झोपलेला. आजोबा मोबाईलच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. हेच आजोबा सकाळी चहाच्या आधी नातवाला फोन लावून विचारतात, ‘लासलगावला काय निघालं रे?’

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणीही आपल्याच गळ्यात आहे. आपल्या शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. जिथं पीक आहे तिथं रेंज नाही, जिथं रेंज आहे ते शेत भावकीचं. फोन उंच धरून बांधाबांधानं गोल फिरणारी माणसं लांबून बघावीत, कुणाला वाटेल देव अंगात आलाय. हसा, खुशाल हसा. पण नोंद राहून गेली तर सातबाऱ्यावर पेरा कोरा दिसतो, आणि मग ना हमीभावाच्या खरेदीत नाव लागत, ना नुकसानभरपाईत. मुदत वाढेल या भरवशावर राहू नका. तुमची पाहणी झाली नसेल तर फोन चार्ज करा आणि उद्या सकाळीच शेत गाठा.