पॉल जेवतो कधी?

रेडिओ स्कॅनर घेताना दुकानदार म्हणाला होता, पोलीस ऐका, अग्निशमन दल ऐका, रेल्वे ऐका. आमच्या घरात मात्र लागतं ते फक्त हवामान. ओक्लाहोमातल्या नॉर्मनमध्ये दुसरं काही ऐकायची चैन परवडत नाही. देशभरच्या वादळांचा अंदाज बांधणारं सरकारी केंद्र याच गावात आहे. म्हणजे वेधशाळेच्या दारात राहून भिजायची सोय.

अमेरिकेची हवामान सेवा १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमधल्या सात वारंवारतांवर चोवीस तास बोलते. गाणी नाहीत, जाहिराती नाहीत. वारा, तापमान, आर्द्रता. संपलं की पुन्हा वारा. वाचतो संगणक. १९९०च्या दशकाच्या अखेरीला माणसांच्या जागी हा आवाज आला आणि पॉल म्हणून ओळखला जाऊ लागला. पुढे आवाज सुधारला, नाव राहिलं.

साताऱ्याहून आलेल्या आईला पॉल फार आवडला. "तुझ्यापेक्षा याचं इंग्रजी स्वच्छ आहे," म्हणाली. मग काळजी: "पण हा जेवतो कधी?" यंत्र आहे म्हटल्यावर तिला माझाच राग आला.

इशाऱ्याआधी तीनदा कर्कश खरखर होते. कुठली काउंटी, कसलं संकट, किती वेळ, हे सगळं त्या खरखरीत भरलेलं असतं. मग १०५० हर्ट्झची शिट्टी. महागडे हवामान रेडिओ ती खरखर वाचून दुसऱ्या काउंटीचं संकट असेल तर गप्प बसतात. माझ्या स्कॅनरला फक्त शिट्टी कळते. त्यामुळे चार काउंट्या पलीकडे गारा पडल्या तरी रात्री दोनला तो भाऊबंदकीतल्या काकूसारखा सगळं घर उठवतो. बुधवारी दुपारच्या सुमारास चाचणीची शिट्टी होते, तेव्हा आई कुकर लावते. आभाळ बिघडलं असेल तर चाचणी पुढे जाते आणि आमचं जेवणही.

मे महिन्यात खरा टोर्नेडोचा इशारा आला. पॉल नेहमीच्याच सुरात म्हणाला: सर्वांत खालचा मजला, मधली खोली, खिडक्यांपासून दूर. इथे तळघरं क्वचित, म्हणून सगळे कपड्यांच्या खोलीत शिरलो. आईने देव, पासपोर्ट आणि लोणच्याची बरणी घेतली, याच क्रमाने. येता येता तिने खिडकीतून पाहिलं: शेजारी सहकुटुंब अंगणात, खुर्च्या टाकून, माना वर.

"अरे, त्यांच्याकडे स्कॅनर नाही का?"

"आहे ना. मांडीवरच ठेवलाय."