दुसरं टोक

आमच्या तालुक्यातल्या एका परंपरानिष्ठ पक्षाला सध्या अध्यक्ष नाही. म्हणजे दोन आहेत. दोघांच्याही लेटरहेडवर ‘अधिकृत’ असं छापलेलं आहे आणि दोन्ही लेटरहेडं एकाच प्रेसमधून आलेली आहेत. (प्रेसवाल्याने डिझाइनचा खर्च एकदाच लावला म्हणतात. माणूस सज्जन.)

आता वरून निरोप आलाय की अध्यक्ष विचारांचाच हवा. अस्सल. बाटलेला चालणार नाही. त्यासाठी अर्ज मागवलेत, छाननी समिती बसलीय. अर्जाचा एक नमुना माझ्या हाती लागला. नाव, वय, पत्ता, व्यवसाय, आणि मग रकाना क्रमांक पाच: ‘सतरंज्या उचलल्याचा कालावधी (साल ...... पासून ...... पर्यंत).’

विचारधारेचा रकाना नाही, असं कोणी म्हणू नये. तो अकरावा आहे. ‘पक्षाची विचारधारा मान्य आहे काय? होय / होय.’

दोन्ही ‘अधिकृत’ अध्यक्षांनी अर्ज भरले. आप्पांनी पाचव्या रकान्यात लिहिलं, ‘१९८९ ते आजतागायत’. मास्तरांनी लिहिलं, ‘१९८८ ते आजतागायत’. आप्पांनी अर्ज दुरुस्तीसाठी परत मागितला आणि १९८६ केलं. मास्तरांनी वडिलांची वर्षं जोडली. सतरंजी ही वडिलोपार्जित आहे, तिच्यावर वारसाहक्क लागतो, असं त्यांचं म्हणणं. आप्पांचे वडीलही मग उचलू लागले. संध्याकाळपर्यंत दोघे पक्षाच्या स्थापनेच्याही मागे निघून गेले होते, तेव्हा समितीने दिवे घालवले आणि सभा तहकूब केली.

माझी अडचण वेगळीच आहे. सभेला अंथरतात ती सतरंजी तुम्ही कधी उचलली आहे का? मी उचलली आहे, लग्नकार्यात. बारा बाय पंधरा फुटांची, सुती, लाल-निळ्या पट्ट्यांची. आधी ती झटकावी लागते, कारण तिच्यात शेंगांची टरफलं, सुपारीची खांडं आणि एखाद्या पोराचा एका पायाचा मोजा असतो. मग चार कोपरे दोघांनी धरायचे, ताणायचे, मधे घडी पाडायची आणि एकमेकांकडे चालत जायचं. एकाने आपले कोपरे दुसऱ्याच्या हातात द्यायचे आणि खाली वाकून नवी घडी उचलायची. पुन्हा मागे जायचं, पुन्हा जवळ यायचं. एकट्याने ही घडी पडत नाही. हवं तर घरी करून बघा, सतरंजी जिंकते.

म्हणून मी आप्पांना साधं विचारलं, “आप्पा, चाळीस वर्षं तुम्ही एकट्यानं उचलल्या. मग दुसरं टोक कोणी धरलं होतं?”

आप्पा जरा वेळ छताकडे बघत बसले. म्हणाले, “होता एक जण.”

“कोण?”

“तो आता त्यांच्यात आहे.”

मास्तरांकडे गेलो. त्यांनी चहा दिला, बिस्किटं दिली. “दुसऱ्या टोकाला? होता एक. पण नाव घ्यायच्या लायकीचा नाही राहिला.”

इथे खरं तर सदर संपायला हवं. पण तिसरा अर्ज आला. नवे साहेब आठ महिन्यांपूर्वी पक्षात आले, सोबत चाळीस गाड्या आणि एक दूध संघ घेऊन. हा त्यांचा चौथा पक्ष. त्यांनी रकाना क्रमांक पाचमध्ये निर्धास्तपणे लिहिलं, ‘१९९१ ते २०१२’. समिती उसळली. साहेबांनी शांतपणे अर्ज पुढे सरकवला. “कालावधी विचारलाय. भरलाय. सतरंजी कुठल्या पक्षाची, ते कुठं विचारलंय?”

समितीने अर्ज तीनदा वाचला. खरंच विचारलेलं नव्हतं.

मग युवा आघाडी आली. त्यांची तक्रार अशी की त्यांच्या जमान्यात सतरंज्या उरल्याच नव्हत्या, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या होत्या. उशिरा जन्मलो हा आमचा गुन्हा का? मुद्दा बिनतोड होता. त्यावर उपसमिती नेमली गेली. पहिले दोन तास ‘खुर्ची उचलणे’ याला त्याग म्हणायचं की महत्त्वाकांक्षा, यावर गेले. शेवटी पंचवीस खुर्च्या बरोबर एक सतरंजी असा भाव ठरला. हाताच्या खुर्च्या असतील तर वीस. एकात एक रचून नेल्या तर पूर्ण गुण, फरशीवरून फरफटत नेल्या तर निम्मे, कारण त्यात पक्षाच्या प्रतिमेला ओरखडा येतो. एका पोराने आपण सोफा उचलल्याचं सांगितलं. सोफा म्हटल्यावर समिती सावध झाली. सोफा व्यासपीठावर असतो, त्यावर नेता बसतो, म्हणजे सोफा उचलणं ही व्यक्तिनिष्ठा झाली, विचारनिष्ठा नव्हे; अर्ज बाद. पोराने विचारलं, टीपॉय चालेल का? टीपॉयचा निर्णय वरिष्ठांकडे पाठवलाय.

महिला आघाडीच्या ताई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “सतरंजीवर बसायला बायका गल्लोगल्ली फिरून आम्ही गोळा केल्या, शंभर माणसांचा शिरा आम्ही ढवळला, भांडी आम्ही विसळली. आमचा रकाना कुठाय?” समितीचे सगळे सदस्य एका सुरात म्हणाले, “ताई, तुमचा त्याग रकान्यात मावणारा नाही.” ताईंना हार घातला. रकाना नाही घातला.

विचार विभागाचे प्रमुख आतापर्यंत गप्प होते. त्यांनी खाकरून सांगितलं की मुद्दा खुर्चीचा नाही, संस्काराचा आहे. सतरंजी ही आपली बैठक, आपली परंपरा. तीत परकं काही नाही, ती विशुद्ध आहे. आणि याला पुरावा म्हणून त्यांनी शब्दकोश मागवला. इथेच घात झाला. सतरंजी आली शतरंजवरून, पटासारख्या चौकटी असायच्या म्हणून. आणि शतरंज आलं आपल्या चतुरंगावरून. म्हणजे शब्द इथून उठला, इराणात गेला, अरबांकडे राहिला, नाव बदललं, उच्चार बदलला आणि पुन्हा येऊन आपल्याच अंगणात पसरला.

नवे साहेब खुर्चीतून पुढे झुकले. “आणि याला तुम्ही आत घेतलंत. कुठलाही अर्ज न भरता.”

साहेबांना असली माहिती पटकन कळते. कायदाही त्यांना तोंडपाठ आहे. १९८५ साली दहावं परिशिष्ट आलं, तेव्हा विधिमंडळ पक्षातले एक तृतीयांश मिळून बाहेर पडले तर ती ‘फूट’ म्हणून खपत होती. २००३ च्या घटनादुरुस्तीने ती वाट बुजवली. आता दोन तृतीयांश जमवायचे आणि विलीनीकरण म्हणायचं. एकटा गेला तर बेइमान, घाऊक गेले तर तत्त्व. निष्ठा मोजायची ही रीत मला तरी रकाना क्रमांक पाचपेक्षा सरळ वाटते, निदान डोकी खरी मोजतात. पण हा कायदा निवडून आलेल्यांसाठी. सतरंजीवाल्याला कुठलाच कायदा लागू नाही. तो कुठेही गेला काय आणि राहिला काय, सरकार पडत नाही.

तिसऱ्या दिवशी आप्पांनी हुकमाचं पान काढलं. पक्ष कार्यालयातल्या कपाटात तालुक्यातल्या पहिल्या सभेची सतरंजी घडी करून ठेवलेली आहे. वर्धापनदिनी तिला हार घालतात, उदबत्ती लावतात. ती मी उचलली होती, आप्पा म्हणाले, आणि घडी छातीशी धरून उभे राहिले. मास्तर ताडकन उठले. ती मी उचलली होती! त्यांनी लोंबणारा काठ पकडला. आप्पांनी ओढलं, मास्तरांनी ओढलं. आप्पा मागे सरकले, मास्तर मागे सरकले, घडी सुटत गेली, आणि बारा बाय पंधराची ती सतरंजी दोघांच्या मधे अशी काही ताणली गेली की मला वाटलं आता हे एकमेकांकडे चालत येणार. सवयीने मास्तरांचं एक पाऊल पुढे पडलंही. मग त्यांच्या लक्षात आलं.

ती पूर्ण उघडली तेव्हा आप्पांच्या अंगठ्याखालच्या कोपऱ्यात पांढऱ्या ऑइलपेंटने काढलेली अक्षरं दिसली. गावातल्या बिछायत केंद्राची आद्याक्षरं. खाली ‘नग १४’.

सभागृहात कोणी काही बोललं नाही. विचार विभागाच्या प्रमुखांनी शब्दकोश मिटला.

मी बिछायत केंद्रात गेलो. मालक आता पंचावन्नचा, तेव्हा सोळा-सतराचा असेल. विचारलं, त्या काळी सतरंज्या कोण उचलायचं? त्याला प्रश्नच कळेना. “कोण म्हणजे? मी आणि आमचा गडी. एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे.” आणि पक्षाची माणसं? “ती भाषण संपलं की जीपमागं पळायची.” इतकी वर्षं मी या पक्षाच्या, त्या पक्षाच्या आणि त्यांच्या फुटून निघालेल्या पक्षांच्या सभांमधून ‘आम्ही सतरंज्या उचलल्या’ हे रडगाणं ऐकतोय, आणि ऐकताना माझाही गळा भरून यायचा हे कबूल करतो. लाज वाटते. रात्री बारा वाजता गार पडलेल्या मैदानावर, दिवे काढून नेल्यावर, टॉर्च तोंडात धरून ज्यांनी त्या झटकल्या, गुंडाळल्या, टेम्पोत चढवल्या, त्यांनी कधी तिकीट मागितलं नाही, महामंडळ मागितलं नाही, अन्याय झाला म्हणून पत्रकार परिषद घेतली नाही. त्यांनी फक्त बिल मागितलं. आणि बिल मागायला गेलं की हेच निष्ठावंत, हेच त्यागमूर्ती त्यांना सांगायचे, अरे विचारांचं काम आहे, पैशाचं काय घेऊन बसलास. दुसऱ्यांच्या घामावर स्वतःची चाळीस वर्षं नोंदवायची आणि वर एकमेकांना भेसळीचं प्रमाणपत्र द्यायचं! तो गडी तर सगळ्या पक्षांच्या सतरंज्या उचलायचा. या हिशेबाने तालुक्यात सर्वात बाटलेला माणूस तोच. मागच्या वर्षी वारला. कंबर गेली होती.

मालकाने माळ्यावरून वडिलांच्या वेळची वही काढली. पानांना कसर लागलेली. बोट फिरवत एका ओळीवर थांबला. ‘सतरंजी १२ बाय १५, एकूण नग ६. जमा ५. नग १४ येणे.’ शेजारी भाड्याचा आकडा, त्यापुढे ‘बाकी’.

“भाडं राहू द्या हो,” तो म्हणाला, “पण तेवढी सतरंजी मिळेल का बघा.”

तेव्हा अध्यक्ष आप्पा होवोत, मास्तर होवोत की साहेब, माझी तिघांना हात जोडून विनंती आहे. हार काढून, धुऊन, नग १४ परत पाठवून द्यावी. येत्या शुक्रवारी खालच्या गल्लीत बारसं आहे आणि त्यांना एक सतरंजी कमी पडते आहे.