पेरी, केळी आणि शहजादा

पिऊन मरण्याची आमच्या बऱ्हाणपूरइतकी शाही परंपरा फार थोड्या गावांना असेल. अकबराचा शहजादा दानियाल १६०५ साली इथेच दारूपायी गेला. बापाच्या हुकमावरून सासऱ्याने, म्हणजे रहीम खानखानाने, पहारे बसवले; तर या पठ्ठ्याने दोनदा गाळलेली दारू आपल्या लाडक्या बंदुकीच्या नळीत भरून आणवली. बंदुकीचं नावही त्यानेच ठेवलेलं, ‘यका-ओ-जनाजा’: गोळी लागली की थेट तिरडी. नळीतला गंज आणि कीट दारूत उतरला आणि बंदूक नावाला जागली. ही हकीकत खुद्द जहांगीरने लिहून ठेवली आहे, आणि तो काही ताकावर राहणारा नव्हता. त्याचा मुलगा परवेझही १६२६ मध्ये इथेच, त्याच वाटेने गेला. सासऱ्याने मात्र पुढे कुंडी भंडारा बांधून गावाला पाणी पाजलं. जावई गेल्यावर सुचलेलं शहाणपण असावं.

अशा गावात मी नासपतीच्या दारूची गोष्ट काढली. इंग्लंडात ग्लॉस्टरशायर, हेरफर्डशायरकडे तिला पेरी म्हणतात. सफरचंदाची सायडर, तशी नासपतीची पेरी. पण हातगाडीवरचा गोड बब्बूगोशा तिथे कामाचा नाही. पेरीला लागते ती भुकेलं डुक्करही तोंड लावणार नाही म्हणे, इतकी तुरट नासपती. ती ठेचायची, लगदा रात्रभर तसाच ठेवायचा म्हणजे तुरटपणा जरा बसतो, मग पिळून रस आंबू द्यायचा. जातींची नावं तर बघा: मेरीलेग्ज, मम्बलहेड, लंबरस्कल. आधी पाय नाचणार, मग जीभ बरळणार, शेवटी डोकं ठोकळा. पिणाऱ्याला कल्पना देऊन ठेवण्याची ही पद्धत मला आवडली.

नासपतीत सॉर्बिटॉल असतं. ते यीस्ट खात नाही, म्हणून पेरीत थोडी गोडी उरते. माणसाच्या आतड्यालाही ते झेपत नाही. चार पेले चढले की साहेबही धोतर सावरल्यासारखा पळतो. आमची मावशी पोट साफ होत नसलं की नासपतीच खायला सांगते. तिला हे शास्त्र बिनपेल्याचं ठाऊक आहे.

शहापूरकडचे तात्या केळीवाले. त्यांना म्हटलं, “तात्या, ही झाडं तीनशे वर्षं जगतात. आपण लावायची, नातवाने प्यायची.”

“नातू पुण्यात कंपनीत आहे,” तात्या म्हणाले. “शेत बघायला ये म्हटलं, तर म्हणतो फोटो पाठवा. आणि मला वर्षाभरात घड कापून दिल्लीचा ट्रक भरायची सवय. तीनशे वर्षं पाणी कोण देणार, तुझा खानखाना?”

“मग राहू द्या.”

“राहू कशाला द्यायचं? केळीची काढ ना. माल घरचा, तुरटपणाची भानगड नाही. फक्त परवाना तू आण. तुझे खेटे संपेपर्यंत नासपतीचं झाडसुद्धा फळाला येईल.”