नोझलवाले आप्पा

लातुरात त्यांना आप्पा म्हणतात, नांदेडात मामा. औसा रोडच्या असो की तरोडा नाक्याच्या, प्रत्येक कॉलनीत असा एक असतोच. धंद्यानं ते प्रिंटरवाले मुळीच नसतात. कुणी बँकेतून रिटायर झालेला, कुणी शाळेत प्रयोगशाळा सहायक, कुणी महावितरणात. पण शेजारचा प्रिंटर कुरकुरला की निरोप त्यांनाच जातो आणि ते ताटावरून उठून येतात. खिशात स्क्रू ड्रायव्हर, पिशवीत जुन्या बनियनचं फडकं आणि दहा मिलीची सिरिंज. ज्या गावात घरटी एक पोरगं डॉक्टर व्हायला क्लासला जातं, तिथं सिरिंज घेऊन घरी व्हिजिटला येणारा हा एकच माणूस उरलाय.

आल्या आल्या ते प्रिंटरला हात लावत नाहीत. आधी घरच्यांची उलटतपासणी.

"कधी चालवला होता?"

"परवाच की."

"परवा?"

"म्हणजे... दिवाळीत."

आप्पा घरच्या कर्त्या पुरुषाकडे असं बघतात, जणू तो जनावर दावणीला बांधून चारा टाकायचाच विसरला. इंकजेटच्या हेडाला केसाहून बारीक छिद्रं, म्हणजे नोझल, असतात. प्रिंटर नुसता पडून राहिला की त्यांच्या तोंडाशी शाई वाळते. त्यात आपला एप्रिल-मे. "2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ह्या गावाला," आप्पा म्हणतात, "तिथं शाई वली राहील कशी?"

दुसरा प्रश्न जास्त अवघड. "हेड क्लीनिंग किती बार मारलात?" याचं खरं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही. एक-दोनदा क्लीनिंग करावं, तरी रेघा तुटक आल्या तर प्रिंटर बंद करून बारा तास त्याच्याकडं ढुंकूनही बघू नये, हा आप्पांचा नियम. पण बारा तास गप्प बसणं आपल्या रक्तात नाही. माणूस बटण दाबत सुटतो. दर क्लीनिंगला शाई हेडातून ओढली जाते आणि प्रिंटरच्या पोटातल्या स्पंजात सांडते. प्रिंटर आतल्या आत त्याचा हिशेब ठेवत असतो. हिशेब भरला की एक दिवस दिवे लुकलुकतात आणि गडी ठाण मांडून बसतो. कॅनन असेल तर पडद्यावर 5बी00, एप्सन असेल तर दोन दिवे आळीपाळीनं. आप्पांचं निदान एका ओळीचं असतं : "रोग नोझलचा होता, औषधानं किडनी गेली." मग स्पंज धुऊन वाळत घालायचा आणि हिशेब पुन्हा शून्यावर आणायचा. हा दुसरा भाग ते घरच्यांना पाणी आणायला पाठवून उरकतात. विद्या अशी चारचौघांत दाखवत नसतात.

रंगांची परीक्षा मात्र जाहीर असते. फोटोतला चेहरा हिरवट आला तर मॅजेंटा गेला, जांभळट निळा आला तर पिवळा, तांबूस-केशरी आला तर सायन. पिवळा सगळ्यात लबाड. टेस्टच्या पांढऱ्या कागदावर त्याची रेघ आहे की नाही हेच कळत नाही, म्हणून आप्पा कागद खिडकीशी धरतात. मागं उभ्या बायका तोपर्यंत एक्स-रे बघितल्यासारख्या गंभीर होतात.

खरा हंगाम दसऱ्यानंतरचा. खंडेनवमीला घरोघर यंत्रं पुजली जातात, आता त्यात प्रिंटरही आला. पूजा अगदी यथासांग : झाकण उघडून आत हळदकुंकू, मागच्या उभ्या ट्रेत अक्षता, वर झेंडू. आत एक पारदर्शक प्लास्टिकची पट्टी असते, तिच्यावरच्या बारीक रेघा वाचूनच हेड वाहून नेणारा गाडा आपण कुठं आहोत ते ओळखतो. तिला कुंकवाचं बोट लागलं की गाडा आंधळा होतो आणि भिंतीवर जाऊन आदळतो. आप्पा बनियनच्या ओल्या फडक्यानं पट्टी पुसतात, चिमट्यानं तांदूळ वेचतात. एका घरी भक्तीच्या भरात गाड्याला खोबरेल तेलही पाजलेलं होतं. आप्पा वहिनींना एवढंच म्हणाले, "पुढल्या साली बाहेरूनच ओवाळा. देव आत राहत नाही."

नांदेडच्या मामांची पद्धत निराळी. लातूरचे आप्पा पॅटर्नवाले : नोझलचे टेस्ट कागद तारीख टाकून फायलीला लावतात, मागच्या वर्षीच्या पेपरांसारखे सोडवतात. मामा आधी उघडतात, मग विचारतात. परत जोडताना दोन स्क्रू उरतातच. "ते कंपनी जादाच देते," असं म्हणून ते खिशात टाकतात. महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हा वाद एखाद्या दिवशी मिटेलही. हा मिटायचा नाही.

कॅननची एक दंतकथा मात्र दोघंही सांगतात. 1977 साली जपानातल्या त्यांच्या प्रयोगशाळेत सोल्डरिंगचं तापलेलं टोक शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून लागलं आणि शाई फुर्रकन उडाली. त्यातून बबलजेट निघाला. "म्हणजे शोध कशानं लागला?" आप्पा विचारतात, आणि आपली सिरिंज वर धरून उत्तराची वाट बघतात. एप्सनची तऱ्हा वेगळी, तिथं उष्णता नाही, विजेनं आकसणारा स्फटिक शाई ढकलतो. पण तिथं सिरिंज नसल्यानं तेवढं ते घाईत सांगतात.

वर्षातली कत्तलीची रात्र म्हणजे नीटच्या आधीची. प्रवेशपत्रासोबतच्या नमुन्यावर पोस्टकार्ड साइजचा रंगीत फोटो डकवायचा असतो आणि लेकरू छापून येतं हिरवं. रात्री साडेदहाला झेरॉक्सवाले बंद. आप्पा कार्ट्रिज कोमट पाण्यात भिजवलेल्या टिश्यूवर बसवतात, बाप येरझाऱ्या घालतो, आई देवाजवळ. फोटो गोरा आला की सगळे आप्पांच्या पाया पडतात. पोरगं सोडून, ते झोपलेलं असतं.

मागच्या उन्हाळ्यात अशाच एका घरी मी हळूच विचारलं, "आप्पा, हे लोक लेझर प्रिंटर कामून घेत नाहीत? त्यात शाईच नसते, वाळायचा प्रश्नच नाही."

आप्पांनी आधी आजूबाजूला पाहिलं. घरचे आत होते.

"हळू बोला की," ते म्हणाले. "चहा येऊ द्या आधी."

चहा आला. पोहेही आले. पोहे संपल्यावर घरच्या माणसानं स्वतःच विचारलं, "आप्पा, आता नवा घ्यायचा तर कोणता घ्यावा?"

"हाच," आप्पा म्हणाले. "ह्याचंच पुढचं मॉडेल. लेझरमध्ये काय हाय? नुसती पावडर. त्यात माणसानं बघावं काय?"