भाऊजींचा उजवा पाय

बर्फावर पडून घोटा मोडला असता, तर भाऊजींना एवढं दुःख झालं नसतं. पण २०२२च्या दिवाळीत ओटावातल्या राहत्या घरी आकाशकंदील टांगताना ते स्टुलावरून पडले. "गोठलेल्या कालव्यावर पडलो असतो तर चारचौघांत सांगायला तोंड तरी राहिलं असतं!" दवाखान्यातून परतल्यावर त्यांचं पहिलं वाक्य हे.

आमच्या ताईचे हे यजमान मूळचे सांगलीचे. तिथे त्यांनी बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर. पन्नाशीत कॅनडात पायाला स्केट्स बांधले आणि रिडो कालव्यावरची गोठलेली ७.८ किलोमीटरची वाट ही त्यांची पंढरीची वाट झाली. ओटावात छपराखालच्या रिंक आहेत, पण भाऊजी तिकडे फिरकत नाहीत. घरातल्या घरात वारी होत नाही, म्हणतात.

काही माणसांना सगळं जमतं, फक्त स्वस्थ बसणं जमत नाही. भाऊजी त्यांतले. सहा आठवडे मोडलेल्या पायावर भार द्यायचा नव्हता. फिजिओथेरपिस्ट मुलीने सांगितलं, की पाय प्लास्टरमध्ये असला की दोन आठवड्यांतच मांडीचा स्नायू वाळायला लागतो. तेव्हा पडल्या पडल्या मांडी आवळायची आणि पाय सरळ ठेवून उचलायचा. दहादा, तीन वेळा. बिचारीने संकोचाने आकडा कमी सांगितला असणार, अशी भाऊजींनी समजूत करून घेतली. तालमीच्या गावचा माणूस, दहावर थांबतो थोडाच?

त्यातच त्यांना कळलं, की एका पायाला व्यायाम दिला तर दुसऱ्याची ताकदही थोडी टिकते. १८९४ सालापासून शास्त्रज्ञांना हे ठाऊक आहे. मग काय! "डाव्याची शिकवणी चालू आहे," प्लास्टरवर टिचकी मारत ते मला फोनवर म्हणाले, "आणि हा उजवा एकलव्य आडून शिकतोय."

डिसेंबरात प्लास्टर निघालं आणि पायाआधी ताईची परीक्षा सुरू झाली. स्केटिंगमध्ये रेटा मागे नाही, बाजूला द्यायचा असतो. म्हणून कमरेच्या बाजूचे स्नायू हवेत. भाऊजींनी रबरी पट्टा जेवणाच्या टेबलाच्या पायाला बांधला आणि पाय बाहेर ओढला. पाय आला, टेबलही आलं, आमटी ताटाबाहेर आली. कढीला उकळी येईपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली. दात घासायचे ते एका पायावर. पाठ भिंतीला टेकवून, गुडघे वाकवून, खाली खुर्ची नसताना बातम्या पाहायच्या. एकदा पाहुणे आले, तर हे त्याच अवस्थेत "बसा, बसा" म्हणाले. पाहुणे घाबरून उभेच राहिले.

"अहो, जरा दमानं घ्या," ताई म्हणाली, की भाऊजी एरिक हायडनचा दाखला देत. या अमेरिकन पठ्ठ्याने १९८०च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या स्पीड स्केटिंगची पाचही सुवर्णपदकं एकट्याने नेली आणि पुढे तो हाडांचा डॉक्टर झाला. "म्हणजे बघ," भाऊजी विजयी मुद्रेने म्हणायचे, "हाडं जोडणारासुद्धा आधी मांड्याच कमावतो!"

फेब्रुवारीपर्यंत फिजिओने हिरवा कंदील दाखवला. दोन्ही मांड्यांना टेप लावला, तर जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा फरक. स्केट्सना धार झाली. भाऊजी रोज कालव्यावर जाऊन पाण्याकडे बघून येत. हो, पाण्याकडेच. त्या हिवाळ्यात थंडी पडलीच नाही धड. माणसांच्या वजनाला साधारण ३० सेंटिमीटर जाड बर्फ लागतो, तो काही धरेना. अखेर फेब्रुवारीच्या शेवटी जाहीर झालं, की यंदा वाट उघडणार नाही. १९७०-७१च्या हिवाळ्यात ती सुरू झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं.

मी सांत्वनाला फोन केला. भाऊजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी सगळं केलं रे. बर्फानेच व्यायाम केला नाही."

पुढच्या दिवाळीत आकाशकंदील टांगायला ताई चढली. भाऊजी खाली स्टूल धरून उभे होते, एका पायावर.