‘विकून टाक ती गाडी!’ : समस्त हितचिंतकांस एक अनावृत पत्र

प्रति,
अध्यक्ष व समस्त सदस्य,
‘विकून टाक ती गाडी’ मंडळ
(शाखा : प्रत्येक घर, प्रत्येक सोसायटी आणि प्रत्येक इस्पितळाचा जनरल वॉर्ड)

विषय : दुचाकीवरून पडलेल्या माणसाने पुन्हा गाडी चालवावी की नाही, याबाबत आपण परस्पर दिलेल्या निकालावर हरकत.

महोदय / महोदया,

स. न. वि. वि. आपल्या मंडळाची नोंदणी कुठे नाही, वर्गणी नाही, सभेची नोटीसही कधी निघत नाही. तरी कोणी दुचाकीवरून पडल्याची बातमी आली की त्याचा एक्स-रे निघायच्या आत आपला ठराव मंजूर झालेला असतो. ठरावाची कलमंही ठरलेली. एक, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. दोन, ही गाडी मुळात लाभलीच नाही. नंबरची बेरीज कुणी करून पाहिली होती का? तीन, आता गाडीला हात लावायचा नाही. चार, लावायचाच असेल तर ही विकून दुसरी घ्यायची. आपल्या मायेबद्दल शंका नाही; शहाळी आणि मोसंबी घेऊन सर्वांत आधी आपणच येता. हरकत एवढीच की या चारही कलमांत ‘अपघात कशामुळे झाला?’ हा प्रश्न कुठेच येत नाही. आणि तो न विचारता दिलेला ‘चालवू नकोस’ हा सल्ला जितका आंधळा, तितकाच ‘काही होत नाही रे, बस परत’ हाही आंधळा. पुन्हा चालवायची की नाही, हे भीतीने ठरवू नये आणि मर्दुमकीनेही ठरवू नये. ते कारणावरून ठरावं, एवढंच या पत्राचं म्हणणं आहे.

कारण शोधण्याची पद्धत आपल्याकडे आहे, पण ती इतरांच्या उपयोगासाठी. पोलीस पंचनामा करतात तो गुन्ह्यासाठी, विम्याचा सर्व्हेअर येतो तो पैशासाठी. पडलेल्या माणसाने स्वतःसाठी पंचनामा करावा अशी रीत नाही. मोटारसायकलच्या अपघातांचा असा मोठा पंचनामा अमेरिकेत पूर्वीच झाला आहे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांच्या चमूने लॉस एंजेलिस परिसरातल्या नऊशे अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ साली अहवाल दिला. तिथले रस्ते वेगळे, गाड्या वेगळ्या, काळ वेगळा. म्हणून तिथले आकडे जसेच्या तसे आपल्या चौकात आणून उभे करता येणार नाहीत. पण त्यांनी विचारलेले प्रश्न उसने घ्यायला काहीच हरकत नाही. गाडी कितीच्या वेगात होती? धोका दिसल्यावर चालकाने नेमकं काय केलं? चालवायला शिकवलं कोणी? ही गाडी त्याच्या हाताखाली किती दिवस होती?

उत्तरं आपल्या ठरावाला फारशी सोयीची नाहीत. पडलेल्यांपैकी ९२ टक्के लोक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून चालवायला शिकलेले होते. अपघाताआधीचा मध्यक वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास निघाला; म्हणजे हाडं मोडायला महामार्गावरची शर्यत लागत नाही, गावातला वेग पुरतो. धोका दिसल्यापासून धडकेपर्यंत हाताशी असलेला वेळ दोन सेकंदांहूनही कमी, आणि या वेगाला तेवढ्या वेळात गाडी सव्वीस-सत्तावीस मीटर पुढे गेलेली असते. त्या दोन सेकंदांत बहुतेकांनी मागचा ब्रेक दाबून चाक घसरवलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा दाबलाच नाही. ‘पुढचा ब्रेक लावू नकोस, उलटा पडशील’ हे बाळकडू आपल्याच मंडळाने पिढ्यान्‌पिढ्या पाजलेलं आहे. ब्रेक लागताना वजन पुढच्या चाकावर येतं आणि गाडी थांबवण्याचं बरंचसं काम तेच चाक करतं. ब्रेक हिसक्याने न लावता चढत्या दाबाने लावायचा, ही खरी शिकवण. ती मोकळ्या मैदानात चार-सहा सकाळी घोटल्याशिवाय हातात उतरत नाही. आरटीओत आठचा आकडा काढून मिळालेल्या लायसन्सने तिची परीक्षा झालेली नसते.

चौथ्या कलमाची गोष्ट तर आणखी मजेची आहे. त्याच अहवालात, अपघातात सापडलेल्या निम्म्याहून अधिक चालकांना त्या विशिष्ट गाडीची सवय पाच महिन्यांहून कमी होती. रस्त्यावरचा त्यांचा एकूण अनुभव मात्र जवळपास तीन वर्षांचा होता. नव्या गाडीचा क्लच कुठे सुटतो, ब्रेक किती चावतो, वळणावर ती किती झुकते, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. म्हणजे अपशकुनी ठरवलेली जुनी गाडी विकून, बेरीज जुळणाऱ्या नंबरची नवी घेऊन, हळदीकुंकू लावून, चाकाखाली लिंबू चिरडून आपण त्या बिचाऱ्याला नेमक्या जास्त धोक्याच्या महिन्यांत ढकलता. एरवी माणसं अपघातानंतर गाडीचा हँडल सरळ करून घेतात, टाकीचा पोचा काढून घेतात, पण आपटलेलं हेल्मेट मात्र पुसून परत घालतात. हेल्मेटच्या आतलं फोम एकदाच दबण्यासाठी असतं. धडकेचा जोर त्याने सोसला की त्याचं काम संपलं. बदलायचं ते हेल्मेट राहतं आणि गाडी बदलते.

आता आपल्या देशाकडे येऊ. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, महाराष्ट्रात १५ हजारांवर. देशभरच्या मृतांत दुचाकीवरचे ४४.५ टक्के. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९, त्यांत १४,३३७ मागे बसणारे. या सगळ्यांना हेल्मेटने वाचवलं असतं असा दावा कोणी करणार नाही; पण निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातून, हेल्मेटमुळे अपघातग्रस्ताच्या मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची सुमारे ६९ टक्क्यांनी घटते असं दिसलं आहे. मागे बसणाऱ्यांचा आकडा मुद्दाम दिला. ‘गाडी सोडली’ म्हणणारा माणूस बहुधा दुसऱ्या दिवसापासून कोणाच्या तरी मागे डबलसीट बसू लागतो. हँडल दुसऱ्याच्या हाती, हेल्मेट एकच आणि तेही पुढच्याच्या डोक्यावर. धोका तोच राहिला, त्यावरचा ताबा तेवढा गेला. याला आपण सुटका म्हणता.

आपल्यातले जाणते सदस्य इथे म्हणतील, “चूक त्याची नव्हतीच. समोरच्याने कट मारला, रस्त्यात खड्डा होता. मग त्याने स्वतःचा पंचनामा कशाला करायचा?” हा आक्षेप वजनदार आहे आणि तो अर्धा खराही आहे. हर्ट यांच्या अहवालातही दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन तृतीयांश ठिकाणी मोटारसायकलचा हक्काचा रस्ता समोरच्यानेच अडवला होता. अनेकांचं म्हणणं, ती दिसलीच नाही. मंत्रालयाच्या अहवालात २०२२ सालच्या खड्ड्यांच्या बळींचा आकडा १,८५६ आहे. पण आपल्याकडे नोंद करणाऱ्याला चालकाचा निष्काळजीपणा चटकन दिसतो आणि कंत्राटदाराचा दिसत नाही, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा. तेव्हा खड्ड्याची तक्रार करा, भरपाई मागा, समोरच्यावर गुन्हा नोंदवा. हे सगळं करायलाच हवं. पण दोष ठरवणं आणि पुढचा अपघात टाळणं ही दोन वेगळी कामं आहेत. न्यायालय शंभर टक्के दोष दुसऱ्याच्या पदरात घालेल, त्याने मोडलेली मांडी जुळत नाही. ‘दिसलीच नाही’ हे कारण असेल तर दिसत राहण्याची सोय करावी लागते : ट्रकच्या बगलेत न रेंगाळणं, चौकात वेग उतरवणं, दिवा चालू असणं. एप्रिल २०१७ पासून आपल्याकडच्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही आपोआप चालू राहतो, तो याचसाठी. आणि आपलेच सदस्य भर दुपारी हात हलवून, बोटं उघडझाप करून कळवतात, “अहो, लाइट चालू राहिलाय!”

दुसरं एक मंडळ आहे, आपलं भाऊबंदच. त्याचं नाव ‘पडल्याशिवाय शिकत नाही’. ते प्लास्टर निघायच्या आधीच रुग्णाच्या हातात चावी देतं. त्यांनाही या पत्राची प्रत पाठवीत आहे. पडल्याने माणूस आपोआप शिकत असता तर तोच माणूस त्याच वळणावर दुसऱ्यांदा पडला नसता. डोक्याला मार लागल्यावर चक्कर येत असेल, एकाचे दोन दिसत असतील, फेफरं आलं असेल, क्लच दाबायला मुठीत जोर नसेल, तर चावी कधी घ्यायची हे डॉक्टरांनी सांगायचं असतं. तिथे हिंमत उपयोगाची नाही. हॉर्न ऐकताच छाती धडधडत असेल, झोपेत तोच क्षण पुन्हापुन्हा येत असेल, तर त्यावरही उपचार असतात. घाबरलेला चालक भलत्या जागी ब्रेक मारतो आणि ज्याला टाळायचं त्याच्याकडेच बघत राहून त्याच्यावर जाऊन आदळतो. त्याला भेकड म्हणून रस्त्यावर ढकलणाऱ्यांनी निदान त्याच्या मागच्या सीटवर तरी बसावं.

मग कोणीच गाडी सोडू नये का? जरूर सोडावी. कारण स्वतःमध्ये असेल आणि ते बदलायची तयारी नसेल, म्हणजे दारू सुटत नसेल, मोबाइल खांद्याला चिकटलेला राहणारच असेल, तर त्याने आजच सोडावी. कोणी सगळा हिशेब नीट मांडून, घरी अवलंबून असलेली माणसं मोजून, उरलेला धोकाही नको म्हणेल, तर तो पळपुटा नव्हे. त्याचा निर्णय सर्वांत शहाणाही असू शकेल. पण सोडायला दुसरं काहीतरी हातात लागतं. जिथे बस वेळेवर येते तिथे हा निर्णय आहे. जिथे ती येतच नाही तिथे तो नुसता उपदेश आहे. दूध घालणाऱ्याला, घरोघरी जेवणाचे डबे आणि पार्सलं पोचवणाऱ्याला, दुसऱ्या गावच्या शाळेवर रोज जाणाऱ्या शिक्षिकेला ‘गाडी सोड’ म्हणणं म्हणजे ‘नोकरी सोड’ म्हणणं. शिवाय आपल्या ठरावाची अंमलबजावणी सर्वांना सारखी नसते. मुलगा पडला तर गाडी गॅरेजला जाते. मुलगी पडली तर गाडी भावाकडे जाते. अपघाताचं कारण दोघांचं एकच असलं तरी.

सबब विनंती की ठराव मागे घ्यावा आणि त्याजागी काही प्रश्न घ्यावेत. वेग त्या जागेला साजेसा होता का? ब्रेक लावता येतो की नुसता माहीत आहे? टायर आणि ब्रेक शेवटचे कधी तपासले? हेल्मेट आयएसआयचं होतं का, आणि त्याचा पट्टा लावलेला होता का? झोप झाली होती का? यांपैकी उद्यापासून नेमकं काय बदलणार आहे? हे पडलेल्यालाच विचारावेत असं मात्र नाही. त्याला भेटायला ट्रिपलसीट आलेल्या, हेल्मेट डिकीत ठेवलेल्या, आरसे काढून टाकलेल्या आपल्या सदस्यांनाही तेच लागू आहेत. न पडलेला माणूस सुरक्षित चालवतो याचा पुरावा त्याचं न पडणं हा नव्हे. त्याच चुका करूनही तो आजवर घरी पोचला, एवढंच त्यातून सिद्ध होतं. ज्याच्याकडे उत्तरं आहेत त्याला चावी द्या, मग त्याच्या पायात सळई का असेना. ज्याच्याकडे नाहीत त्याच्याकडून ती काढून घ्या, मग त्याच्या अंगावर एक ओरखडाही का नसेना.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पडलेल्यांचा स्वयंघोषित वकील