भिकार जमीन पाहिजे

अकोल्याची जागा कशी ठरली याची एक दंतकथा आहे. अकोलसिंग नावाच्या एका जहागीरदाराला मोर्णेकाठी एक ससा कुत्र्याच्या मागे लागलेला दिसला. कुत्रा पुढे, ससा मागे. तेवढ्यावरून त्या भल्या माणसाने ओळखले की ह्या मातीत काही दम आहे, आणि गावाभोवती मातीची भिंत घातली. पुढे औरंगजेबाच्या काळात इथे असदखानाच्या नावाचा असदगड झाला, आणि गडाच्या आसऱ्याने आमचे जुने शहर वाढले. म्हणजे माझ्या जन्मगावाचा प्लॉट एका सशाने पास केला. सात-बारा नाही, मोजणी नाही, एन.ए. नाही. कुत्र्याची बाजू तर कोणी ऐकूनच घेतली नाही.

आमचे घर जय हिंद चौकाजवळच्या एका बोळीत. पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, वर धाबे. मे महिन्यात बाहेर पारा 45 च्या वर गेला तरी आमच्या माजघरात दुपारची झोप लागते. असे घर सोडून कोणी जाते का? जाते. भावाभावांत वाटण्या झाल्या तेव्हा माझ्या वाट्याला माजघर आणि अर्धा जिना आला. अर्धा जिना ही काय चीज आहे ते ज्याच्या वाट्याला येते त्यालाच कळते. वर चढताना तो आपला असतो, खाली उतरताना भावाचा. शिवाय बोळीत कार शिरत नाही. आमची कार बाळापूर नाक्याजवळ एका नातेवाइकाच्या अंगणात झोपते आणि तिच्या भाड्यापोटी आम्ही त्यांच्याकडची सगळी लग्नकार्ये अंगावर घेतो.

तर प्लॉट पाहायचा असे ठरले. ठरल्याची बातमी मी घरातच सांगितली होती, पण दुसऱ्या दिवशी दारात एक दलाल हजर. कोणाच्या घरात बारसे आहे आणि कोणाच्या घरात वाटणी, हे ह्या मंडळींना कसे कळते देव जाणे. "भाऊ," तो बसायच्या आत म्हणाला, "आज घ्याल तं घ्याल. उद्या पाय धरसान तरी भेटनार नाई."

त्याने पहिल्यांदा शिवणीकडे नेले. तिथे इंग्रजांच्या काळातले विमानतळ आहे आणि त्याच्या धावपट्टीचा विस्तार होणार आहे. होणार आहे हे मी शाळेत असल्यापासून ऐकतो. "एकदा विमान उतरलं का भाव चढला समजा," दलाल म्हणाला. सध्या त्या आभाळात घारी उतरत होत्या. ले-आऊटच्या नकाशावर 12 मीटरचा रस्ता होता, जागेवर बाभळी होत्या. रस्ता कधी होणार असे विचारल्यावर तो दुखावला. "भाऊ, आपल्या अमरावती-अकोला रोडवर 2022 साली 75 किलोमीटरचं डांबर 105 तास 33 मिनिटांत टाकलं, गिनीज बुकात नाव आलं. अन् तुम्ही ह्या तीनशे फुटाले भेता?" विक्रमाची गोष्ट खरी होती, त्यामुळे मला उत्तर देता आले नाही. बाभळींनाही ती ठाऊक असावी, त्या अगदी निर्धास्त होत्या.

मग नदीकाठ. मोर्णेच्या बाजूचा प्लॉट दाखवताना दलालाने थेट पंतप्रधानांना साक्षीला बोलावले. 2018 च्या जानेवारीत अकोलेकरांनी मोर्णा साफ करायची मोहीम काढली होती आणि 'मन की बात'मध्ये तिचे कौतुक झाले होते. "मोदीजीनं नाव घेतलं त्या नदीचं. तुमच्या खिडकीतून दिसन." खिडकीतून काय दिसेल हे बायको आधीच पाहत होती: पाण्यावर जलकुंभी, आणि बाजूच्या घराच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर एक सरळ तपकिरी रेघ. तिच्या वर रंग पिस्ता, खाली रंगच नाही. 2021 च्या जुलैतल्या रात्रीच्या पावसाने मारलेली ती रेघ अजून पुसली गेली नव्हती. "ही बॉर्डर त्यांनी मुद्दाम काढली का हो?" तिने दलालाला विचारले. दलाल म्हणाला, "आजकाल फॅशन आहे ताई."

अकोट रोडकडे भाव कमी होते. का कमी होते ते बोअरच्या पाण्याने सांगितले. अमरावती, अकोला आणि बुलडाणा ह्या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. जमिनीखाली पाणी भरपूर, पण खारे. ज्या पूर्णेचे पाणी श्रावणात गांधीग्रामहून कावडीने आणून राजराजेश्वराला घालतात, तिच्याच खोऱ्यातली विहीर माणसाला तहानलेला ठेवते. बायकोने एक घोट तोंडात घेतला, थुंकला आणि म्हणाली, "भाऊ, वरणात मीठ टाकायचं काम वाचलं. फक्त दाय शिजली पाहिजे."

दरम्यान घरात सल्लागार मंडळ बसले होतेच. मामांना पूर्वाभिमुख पाहिजे, आत्याला दक्षिण चालत नाही, मेहुण्याला गोमुखी पाहिजे, म्हणजे पुढून चिंचोळा आणि मागे पसरट. व्याघ्रमुखी दुकानाला चालतो, घराला नाही, असे त्याचे म्हणणे. त्याच्या स्वतःच्या फ्लॅटला तिसऱ्या मजल्यावर कोणते तोंड आहे ते मी विचारले नाही, कारण ठेकेदार त्याच्याच ओळखीचा लागणार होता. कागदपत्रांचा सल्ला मात्र कोणीच दिला नाही. एका ठिकाणी तीन गुंठे, म्हणजे 3,267 चौरस फूट, निम्म्या भावात मिळत होते आणि सात-बाऱ्यावर अकरा जणांची नावे होती. "गुंठेवारी नियमित होते भाऊ, 2001 चा कायदाच हाय," दलाल म्हणाला. कायदा आहे हे खरे, 2021 मध्ये त्यात दुरुस्ती होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतची प्रकरणे आत घेतली हेही खरे. पण ही विभागणी त्याच्यानंतरची होती, आणि अकरांपैकी दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. आम्ही चहा पिऊन उठलो.

शेवटी मोठे काका स्वतः निघाले. काकांचा दिशांवर विश्वास नाही, त्यांचा वराहमिहिरावर आहे. सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत जमिनीची परीक्षा दिली आहे: हातभर खड्डा खणायचा आणि तीच माती परत भरायची. माती उरली तर उत्तम, बरोबर झाली तर मध्यम, कमी पडली तर ती जागा सोडून द्यायची. भर मे महिन्यात, डोक्याला उपरणे गुंडाळून, काका डाबकी रोडपलीकडच्या एका काळ्याशार वावरात सब्बल घेऊन उतरले. मी खणत होतो. परीक्षक तेच, विद्यार्थी मी. ढेकळे इतकी कडक की सब्बल वाजत होती. खड्डा झाला, माती परत टाकली, तर टोपलीभर वर उरली.

"उत्तम!" काका ओरडले.

दुसरी परीक्षा पाण्याची. खड्डा पाण्याने भरायचा, शंभर पावले जाऊन परत यायचे आणि पाणी तितकेच आहे का पाहायचे. काका तोलामोलाने पावले टाकत निघाले. ते विसावर पोचायच्या आतच खड्डा कोरडा झाला होता. भेगा चांगल्या मनगट जाईल एवढ्या होत्या, दोन बादल्या पाणी कुठे गेले त्याचा पत्ता नाही. काकांनी खड्ड्यात पाहिले, माझ्याकडे पाहिले. "तहानेली हाय जमीन," ते म्हणाले. "घरात पाहुना येत राहीन. शुभच हाय."

आमचा मिस्त्री इतका वेळ कडुलिंबाखाली खर्रा घोटत बसला होता. तो उठला, एक ढेकूळ फोडले, तळहातावर पाण्याचे चार थेंब घेऊन मळले आणि दोन्ही तळव्यांत वळून त्याची लांब दोरी केली. मग दोरीची दोन टोके जुळवून एक छान बांगडी केली. कुठे चीर नाही, तडा नाही. ती त्याने बायकोच्या हातावर ठेवली.

"ताई, ज्या मातीची बांगडी होते त्या मातीवर घर होत नाई. पावसाळ्यात हिचं पोट फुगते, उन्हाळ्यात आत जाते. पावसात दार लागनार नाई, उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून भिंत तिरपी फाटन. अन् माती उरली म्हून काय झालं? खनलेली कायी माती फुलते, ते उरनारच. इथे मुरूम दहा-बारा फुटांवर हाय. अर्धा बंगला तं खड्ड्यातच बांधा लागते."

काकांना वराहमिहिराचा अपमान सहन झाला नाही. ते गाडीत जाऊन बसले आणि एसी लावायला सांगितले.

मला मात्र तिथे उन्हात एकदम उजेड पडला. 1860 च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडची ही काळी आठवली. 1969 साली अकोल्यात कृषी विद्यापीठ झाले. आमचे आजोबा ह्या काळीत पेरायला जात आणि संध्याकाळी पांढरीवर घरी येत. काळीत राहायला गेलेला एकही शहाणा माणूस आमच्या घराण्यात सापडत नाही. आम्ही मात्र पांढरी सोडून, फुटाला हजारो रुपये मोजून, कापसाच्या अंथरुणात पाय पसरायला निघालो होतो. दलाल तर प्रत्येक प्लॉटवर ओंजळीत माती घेऊन सांगायचा, "सोन्यावानी जमीन हाय!" त्याचे खरेच होते. तो फक्त चुकीच्या गिऱ्हाइकाला सांगत होता.

पुढचा प्लॉट वाशिम बायपासच्या पुढे, पातूर रोडच्या अंगाला. तिथे जरा चढ लागतो. वावराचा मालक, टोपी-धोतरातला एक म्हातारा, धुऱ्यावर बसला होता. दलालाने सवयीने सुरुवात केली, "सोन्यावानी..." तेवढ्यात म्हातारा कडाडला.

"कायचं सोनं! बरड हाय सारी. तीन पिढ्यांनी जीव काढला. कपाशी घुडघ्याच्या वर गेली नाई. तुरीले शेंग नाई. सोयाबीन टाकलं तं बियाचे पैसे नाई निंगाले. म्हून तं एन.ए. करून ले-आऊट टाकलं, नाई तं कायले इकलं असतं?"

दलाल त्याला डोळ्यांनी गप्प करत होता, पायाने ढकलत होता. म्हातारा थांबेना. भोगलेले सगळे त्याला कोणाला तरी सांगायचे होते. मिस्त्रीने टाचेने माती उकरली, हातात घेऊन ओली केली, वळायला गेला. दोरी होईना, सगळी बोटांतून गळून गेली. हात झटकत तो माझ्या कानाशी आला. "तीन फुटांवर मुरूम. इसार द्या भाऊ. म्हाताऱ्याचं मन बदलाच्या आधी."

प्लॉट दक्षिणमुखी आहे. आत्या अजून बोलत नाहीत. व्याघ्रमुखी तर आहेच, त्यामुळे मेहुणा पुढच्या बाजूला दोन गाळे काढ म्हणतो. पण सात-बाऱ्यावर नाव एकच, मालक जिवंत आणि समोर बसलेला, त्यामुळे मी बाकी काही ऐकले नाही. इसार घेताना म्हातारा दोनदा म्हणाला, "पाहा बाप्पा, मंग म्हनसान सांगतलं नाई."

दलाल मात्र शहाणा निघाला. इसारचिठ्ठी होईपर्यंत त्याने मिस्त्रीकडून सगळे नीट समजून घेतले. परवा चतुःसीमा पाहायला गेलो तर शेजारच्या प्लॉटवर तो एका नव्या जोडप्याला फिरवत होता. "अशी भिकार जमीन आख्ख्या अकोल्यात भेटनार नाई साहेब. गवत नाई येत! फुटामागे दोनशे जास्त पडते, पन पायाचे किती वाचते पाहा ना." ते जोडपे माना डोलवत होते. कोपऱ्यात मागच्या पेरणीतले तुरीचे एक झाड चुकून राहिले होते, चांगले डोक्याएवढे, शेंगांनी लदलेले. दलाल बोलता बोलता मागे सरकला, पाठीमागे हात नेऊन त्याने ते उपटले आणि धुऱ्यापलीकडे फेकून दिले.